सयाजीराव महाराज आणि वस्तीचे ग्रंथालय

एखाद्या नगरपालिकेने सार्वजनिक ग्रंथालय उभारावयाचे ठरविले की प्रथम भूखंड पाहिला जातो, मग नकाशा, मग अंदाजपत्रक आणि मग कोनशिला. ग्रंथपाल कोण असावा, पुस्तके कोणासाठी घ्यावयाची, वर्षानुवर्षांचा खर्च कोठून भागवावयाचा, हे प्रश्न उद्घाटनाचे हार कोमेजल्यानंतर सुचतात. मग चार-सहा वर्षांत वाचनकक्षाला कुलूप लागते, सभागृह लग्नकार्यासाठी भाड्याने जाते आणि लोकांना वाचनाची गोडी उरली नाही, असा निष्कर्ष काढून सर्वजण मोकळे होतात. अलीकडे वाचनालय, अभ्यासिका, महिला कक्ष, मुलांची खोली आणि सभागृह या सर्वांचे मिळून वस्तीचे एक केंद्र असावे, अशी कल्पना नगररचनाकार मांडू लागले आहेत. ती नवी किंवा परदेशी वाटण्याचे कारण नाही. शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या एका मराठी राजाने ती प्रत्यक्षात आणली होती आणि तिचा हिशेबही मांडून दाखविला होता. तिसरे सयाजीराव गायकवाड यांचे चरित्र अनेक अंगांनी सांगता येते. परंतु ग्रंथालयाच्या अंगाने ते पाहिल्यास आजच्या कारभाऱ्यांना त्यातून अधिक बोध घेता येईल.

कवळाण्याचा मुलगा

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी गोपाळरावांचा जन्म झाला. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतील, शेतीवर उपजीविका करणारे गृहस्थ. इकडे बडोद्यात १८७५ मध्ये ब्रिटिश सरकारने मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केले आणि दिवंगत खंडेराव महाराजांच्या राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची मुभा दिली. त्यांनी कवळाण्याच्या या बारा वर्षांच्या मुलाची निवड केली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळरावांचे सयाजीराव झाले.

खेड्यातून आलेल्या या मुलाला तोपर्यंत शाळेचे रीतसर शिक्षण मिळालेले नव्हते. ज्या वयात इतर मुले इंग्रजी शाळेत वरच्या इयत्तेत जात, त्या वयात त्यांना मुळाक्षरांपासून प्रारंभ करावा लागला. इलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली आणि दिवाण सर टी. माधवराव यांच्या देखरेखीखाली सहा वर्षांत मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू या भाषांसह राज्यकारभाराचे पाठ त्यांना देण्यात आले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली. अक्षरओळख उशिरा झालेल्या माणसाला निरक्षरता म्हणजे काय, हे पुस्तकातून समजून घ्यावे लागत नाही. त्यांच्या पुढील शिक्षणविषयक धोरणातील तळमळीचे मूळ येथे असावे, असे मानावयास जागा आहे.

साक्षरतेपाठोपाठ ग्रंथालय

सयाजीरावांच्या हाती आलेले राज्य एकसंध नव्हते. बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली या चार प्रांतांत विखुरलेल्या या राज्याचे तुकडे मध्ये ब्रिटिश मुलूख आणि इतर संस्थाने घेऊन पसरले होते. लोकसंख्या सुमारे वीस लाख, आणि त्यातील बहुसंख्य लोक खेड्यात राहणारे. अशा राज्यात १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात मुलांना आणि मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्यास लागू करण्यात आला. मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना दंड होई. गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता.

परंतु सक्तीच्या शिक्षणाला एक छिद्र असते. दहाव्या-बाराव्या वर्षी शाळा सुटली की मुलगा नांगर धरतो, मुलगी सासरी जाते. हाती पडावा असा छापील कागद घरात येत नाही आणि दहा वर्षांत अक्षरे पुसली जातात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर शाळेवर केलेला भांडवली खर्च देखभालीवाचून बुडीत जातो. बडोदा दरबारने ही गोष्ट वेळीच ओळखली. शाळा ही लोकशिक्षणाची पहिली पायरी आणि ग्रंथालय ही दुसरी, दुसरी नसेल तर पहिलीवर केलेला खर्च व्यर्थ, हा विचार पुढील सर्व योजनांच्या मुळाशी आहे.

सरकारच्या आधी काही लोकांनीही ही वाट शोधली होती. मोतीभाई अमीन या शिक्षकाने १९०६ पासून ‘मित्रमंडळ’ या नावाने गावोगाव छोटी वाचनालये सुरू केली. त्या काळी महाराष्ट्रातही ग्रंथालये नव्हती असे नाही. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय अमरेलीचा प्रयोग सुरू झाला त्याच १८९३ सालचे. या संस्थांनी मराठी समाजावर केलेले उपकार मोठे आहेत. परंतु त्यांचा आधार वर्गणीदार होता आणि वर्गणीदार बहुधा शहरातील सुशिक्षित असे. वर्गणी न देऊ शकणाऱ्याचे आणि नुकतेच वाचावयास शिकलेल्याचे ग्रंथालय कसे असावे, हा प्रश्न बडोद्याने विचारला.

बॉर्डन बडोद्यात येतात

सयाजीराव प्रकृतीच्या कारणाने वारंवार परदेशी जात. या प्रवासांच्या खर्चाबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. मात्र परत येताना ते काही ना काही कल्पना बरोबर आणीत. अमेरिकेतील शहरांत त्यांनी मोफत सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. तेथे मजूर, गृहिणी आणि शाळकरी मुले एकाच दारातून आत जात आणि या सोयीचा खर्च शहराच्या तिजोरीतून होई. १९१० च्या अमेरिका भेटीत त्यांनी न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास येण्याचे निमंत्रण दिले. बॉर्डन त्याच वर्षी आले आणि १९१३ पर्यंत राज्याच्या ग्रंथालय खात्याचे प्रमुख म्हणून राहिले.

महाराजांनी केलेली पहिली गोष्ट अशी की त्यांनी आपल्या राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथ या नव्या मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नव्या इमारतीची वाट न पाहता शहराच्या भरवस्तीतील सरकारवाडा या जुन्या वाड्यात ग्रंथालय सुरू करण्यात आले. आधी संग्रह, सेवक आणि वाचक, आणि मग त्यांना साजेशी वास्तू, असा हा क्रम होता. १९११ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी या तिन्ही भाषांत निघू लागले. डॉ. रंगनाथन मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले ते १९२४ मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे बडोद्याने किती आधी पाऊल टाकले ते कळून येते.

मध्यवर्ती ग्रंथालयाची आखणी पाहण्यासारखी होती. वाचनासाठी मोफत प्रवेश, वर्तमानपत्रांचा स्वतंत्र कक्ष, घरी पुस्तके नेण्याची सोय, स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग आणि मुलांसाठी चित्रे व खेळ असलेली खोली, असे तिचे घटक होते. पडद्याची चाल असलेल्या समाजातील स्त्रीला पुरुषांनी भरलेल्या दालनातून वाट काढावयास लावणे म्हणजे दार उघडे ठेवून तिला बाहेर ठेवणे होय, आणि लहान मुलाला सतत गप्प बसविणे म्हणजे त्याला पुन्हा न येण्याचा सल्ला देणे होय. ही साधी व्यवहारदृष्टी त्या आखणीत दिसते. पुढे जुन्या शहरातच, मांडवीच्या परिसरात, ग्रंथालयाला स्वतःची वास्तू मिळाली. तिच्या ग्रंथभांडारात लाकडाऐवजी पोलादी मांडण्या आणि मजल्यांना काचेच्या लाद्या बसविलेल्या आहेत. वरचा उजेड काचेतून खालच्या मजल्यापर्यंत पोचावा आणि आगीचे भय कमी व्हावे, हा त्यातील हेतू. तेथे कलाकुसरीपेक्षा उपयोगाला मान आहे.

तिहाईचा हिशेब

राजधानीत एक उत्तम ग्रंथालय उभारून अनेक संस्थानिकांनी कीर्ती मिळविली असती. सयाजीरावांचे वेगळेपण खेड्यांकडे वळल्यावर दिसते. नियम सुटसुटीत होता. गावाने ग्रंथालयासाठी जितकी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तितकीच सरकारने द्यावी. खेड्यासाठी या साहाय्याची वार्षिक मर्यादा प्रत्येकी शंभर रुपये, शहरगावासाठी तीनशे आणि प्रांताच्या मुख्य ठिकाणी सातशे. म्हणजे गावाने शंभर रुपये उभे केले की वर्षाला तीनशे रुपयांचा कारभार चाले. इमारत बांधावयाची असली तरी खर्चाची वाटणी याच तिहाईने होई.

या योजनेचे मर्म रकमेत नसून तिच्या रचनेत आहे. सर्व पैसा सरकारने दिला तर गाव त्याला सरकारी मालमत्ता समजते आणि छप्पर गळू लागले की वर अर्ज पाठवून स्वस्थ बसते. सर्व पैसा गावावर टाकला तर सधन गावात ग्रंथालय होते आणि गरीब गावात होत नाही. तिहाईच्या वाटणीत गावाला आपल्या एका रुपयाचे तीन होताना दिसत आणि ज्याने वर्गणी दिली तो वर्तमानपत्र आले की नाही याची चौकशी करीत असे. शिवाय हे साहाय्य दरवर्षीचे होते. एकदाच मिळणारे अनुदान भिंती उभ्या करते, परंतु ग्रंथालय चालविते ते दरवर्षीचे अनुदान. हा भेद आजही अनेक अंदाजपत्रकांत केला जात नाही.

शंभर रुपयेही उभे करू न शकणाऱ्या गावांचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी फिरत्या ग्रंथालयांचा विभाग होता. निवडक पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविल्या जात, ठराविक मुदतीनंतर त्या परत येत आणि दुसऱ्या गावी जात. वाहतुकीचा खर्चही खातेच सोशी. आणि ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी दृश्यशिक्षणाचा विभाग होता. जादूचा कंदील, चित्रे आणि पुढे चलच्चित्रपट यांचे खेळ गावात उघड्यावर होत. आरोग्य, शेती आणि परमुलुखाची माहिती यांचे दर्शन निरक्षर शेतकऱ्यालाही विनामूल्य घडे. ग्रंथालय खात्याने निरक्षरांची सोय पाहावी हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु ग्रंथालय हे ज्ञानाचे ठिकाण आहे आणि ग्रंथ हे त्याचे एक साधन आहे, असे मानले की त्यात विसंगती उरत नाही. ज्याला आज वस्तीचे केंद्र म्हटले जाते त्याचा गाभा हाच आहे.

नुसती पेटी पाठवून भागत नाही. त्या पेटीत घालण्याजोगी पुस्तकेही लोकांच्या भाषेत हवीत. गुजराती आणि मराठीत अशी पुस्तके थोडी आहेत हे पाहून महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला आणि त्यातून ‘सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘बालज्ञानमाला’ सुरू झाल्या. मागणी, पुरवठा आणि वाटप या तिन्ही बाजूंनी विचार केलेली ही योजना होती. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सयाजीरावांना मिळाले, त्यामागे राजेपणाचा मान होता तसाच या कामाचाही होता.

दार उघडे, पण कोणाला?

तरीही हे चित्र निर्मळ उजेडाचे नाही. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर हा तरुण अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेला. शिक्षणानंतर करारानुसार १९१७ मध्ये तो बडोद्याच्या नोकरीत रुजू झाला, तेव्हा शहरात त्याला राहावयास जागा मिळेना. पारशी वसतिगृहात घेतलेला आसरा जात उघड होताच सुटला, कचेरीत शिपाईही त्याच्यापासून अंतर राखीत आणि दरबारकडूनही वेळेवर व्यवस्था झाली नाही. ज्या नगरीत काही वर्षांपूर्वी सर्वांसाठी ग्रंथालय उघडले होते, त्याच नगरीतून या विद्वानाला अल्पावधीत निघून जावे लागले.

ही घटना सयाजीरावांच्या चरित्रातून गाळून चालणार नाही. अंत्यज मुलांसाठी शाळा काढणारा आणि पुढे सरकारी मंदिरे त्यांना खुली करणारा हा राजा होता. परंतु राजाच्या हुकमाने दरवाजा उघडतो, उंबरठा ओलांडू द्यावयाचा की नाही हे वस्ती ठरविते. सार्वजनिक वास्तूच्या आखणीत ही बाब नकाशावर दाखविता येत नाही. आणि तिचा विचार झाला नाही तर बाकीची आखणी व्यर्थ ठरते. वस्तीचे ग्रंथालय कोणत्या गल्लीत आहे, तेथे जाण्याची वाट कोणाच्या दारावरून जाते, तेथे बसलेला माणूस आलेल्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, यांवर ते खरोखर सार्वजनिक आहे की नाही हे ठरते.

राजानंतर

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. ते त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ गादीवर होते. त्या अवधीत खेड्यापाड्यांत शेकड्यांनी ग्रंथालये उभी राहिली होती. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६० नंतर तो भाग गुजरातमध्ये गेला. मध्यवर्ती ग्रंथालय टिकले. परंतु राज्यव्यापी योजनेचा जिवंतपणा पूर्वीसारखा राहिला नाही.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. बडोद्याची ग्रंथालय योजना महाराजांच्या इच्छेवर, खात्याच्या नियमांवर आणि दरबारच्या तिजोरीवर उभी होती. नागरिकाचा हक्क म्हणून ग्रंथालयाला बांधून ठेवणारा कायदा तिच्या पाठीशी नव्हता. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये आणि मद्रास प्रांताने १९४८ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासने तर स्थानिक करावर ग्रंथालयासाठी उपकर बसवून उत्पन्नाची कायमची तरतूद केली. ज्या भूमीवर मोफत ग्रंथालयांची चळवळ प्रथम राज्यभर पसरली, त्या गुजरातला असा कायदा २००१ मध्ये मिळाला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा आहे. परंतु त्यात उपकराची तरतूद नाही. त्याने लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गांनुसार सरकारी अनुदान देण्याची पद्धत रूढ केली. म्हणजे बडोद्याच्या तिहाईतील सरकारचा आणि लोकांचा वाटा काही रूपाने राहिला आणि मधला, स्थानिक संस्थेचा वाटा सैल झाला. वस्तीला सर्वांत जवळची असते ती ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, आणि नेमके तिच्यावरच निश्चित रकमेचे बंधन नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्ये ग्रंथालय हा विषय पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांच्या यादीत घातला आहे. यादीत नाव असणे आणि अंदाजपत्रकात रक्कम असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आज स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी पैसे मोजून खाजगी अभ्यासिकेत टेबल-खुर्ची भाड्याने घेतात, वृद्धांना दुपार काढावयास सावलीची जागा नसते आणि चाळीतल्या मुलाला घरात वाचावयास कोपरा नसतो. हातातल्या यंत्रावर सर्व ज्ञान मिळते असे म्हणणाऱ्यांनी या तिघांचा विचार करावा. पुस्तक कदाचित त्या यंत्रात मिळेल. बसावयाची जागा, उजेड, शांतता आणि विचारावयास एक जाणता माणूस त्यात मिळत नाही. अशा केंद्राची गरज वाचन कमी झाल्यामुळे घटलेली नाही, उलट घरे लहान झाल्यामुळे वाढली आहे.

म्हणून नव्या ग्रंथालयाचा नकाशा मंजुरीसाठी समोर येईल तेव्हा सदस्यांनी दर्शनी भागाच्या चित्रापेक्षा चार गोष्टी आधी विचाराव्यात. ग्रंथपालाची नेमणूक इमारतीआधी झाली आहे काय? दरवर्षीच्या खर्चात वस्तीचा, पालिकेचा आणि शासनाचा वाटा कोणता? स्त्रिया, मुले आणि अक्षरशत्रू माणूस यांच्यासाठी त्या आखणीत जागा आहे काय? आणि वस्तीतील सर्वांत खालच्या समजल्या गेलेल्या घरातील मुलाला तेथे निःशंकपणे शिरता येईल काय? यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांना बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी उत्तर दिले. चौथ्याचे उत्तर त्या राजाला पुरतेपणी देता आले नाही, आणि ते देण्याची जबाबदारी आता निवडून आलेल्या प्रतिनिधींवर आणि त्यांना निवडून देणाऱ्या नागरिकांवर आहे.